'इकडून येणं झालं का?' : जुन्या कादंबऱ्यांतलं रोजचं बोलणं

सायली_वाचते :
आमच्या वाचनकट्ट्यावर हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' अभिवाचनासाठी घेतली आहे. अख्खी नाही, दीड तासात बसतील अशी निवडक प्रकरणं. तालमीत पहिल्यांदा अडलं ते नायिका यमूच्या तोंडी नवऱ्याविषयी जे बोलणं आहे त्यापाशी. 'इकडची स्वारी', 'इकडून', 'तिकडे'. कॉलेजातल्या मुली 'स्वारी'पाशी आल्या की त्यांना हसू आवरत नाही. एकीने सुचवलं, सरळ 'हे' आणि 'अहो' करून टाकू, ऐकणाऱ्यांना निदान अर्थ तरी लागेल.

मला हे बदलणं पटत नाही. 'इकडून कधी येणं झालं?', 'जेवण व्हायचं असेल ना?' अशा धर्तीचं वाक्य मोठ्याने म्हणून बघा. त्यात करणारा माणूसच नाही. 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, नाव तर नाहीच नाही. येणं 'होतं', जेवण 'व्हायचं असतं'. नवऱ्याशी बोलायचं पण त्याला थेट संबोधायचं नाही, ही त्या घरातली शिस्त वाक्याच्या बांधणीतच उतरली आहे. 'तुम्ही कधी आलात?' असं केलं तर अर्थ तोच राहतो, पण यमूचं सासर त्यातून निघून जातं.

तर विचारायचं आहे ते असं : अभिवाचनात बदलावं का? आणि बायका खरोखर असं बोलत होत्या, की ही कादंबरीकारांची लकब? जुन्या कथा-कादंबऱ्यांतलं असं रोजचं बोलणं आठवत असेल तर तेही लिहा.

दोन_कप_चहा :
आमची पणजी हाकच मारत नसे म्हणे. दाराशी येऊन बांगड्या वाजवायची, पणजोबा वर बघायचे. यमू निदान 'इकडून' तरी म्हणते!

जुनेरं :
खरोखर बोलत होत्या, सायलीताई. कादंबरीबाहेर पुरावा आहे. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० सालचं. त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख 'स्वतः' असा येतो. पहिली काही पानं गोंधळ उडतो, कोण स्वतः? मग कान तयार होतो. नवऱ्याच्या आठवणींचं पुस्तक लिहितानासुद्धा त्यांनी घरातली बोलण्याची रीत सोडलेली नाही.

आता त्याच्याशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवा. ती १९३४पासून आली. तिथे नवरा सरळ 'टिळक'. टिळक म्हणाले, टिळक रागावले, टिळक निघून गेले. दोघींच्या वयात फार अंतर नाही. पण लक्ष्मीबाईंचं आयुष्य जुन्या घराच्या चौकटीतून बाहेर पडलं आणि नवऱ्याचा उल्लेखही बदलला. म्हणून मी म्हणतो, हे शब्द नुसते जुने नाहीत. बाई घरात कुठे उभी आहे ते त्यांवरून कळतं.

आणखी एक. 'करमणूक' हे आपट्यांचं साप्ताहिक १८९० साली सुरू झालं आणि यमूची गोष्ट त्यात क्रमशः येत होती. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं संमतीचं वय १० वरून १२ वर गेलं. पुण्यात त्यावरून रान पेटलेलं असताना लोक ही कादंबरी घरात वाचत होते, वाचून दाखवत होते. शेजारच्या खोलीतून जे बोलणं रोज ऐकू येत होतं तेच कागदावर होतं. ते खोटं असतं तर त्या वाचकांनी पहिल्याच अंकात ओळखलं असतं.

नाव घेण्याची मुभा होती ती उखाण्यात. तीही चारचौघींनी आग्रह केल्यावर.

नाक्यावरचा :
मी सायलींच्या उलट मताचा आहे. अभिवाचन हे आजच्या माणसांसाठी असतं. समोर बसलेल्या माणसाने 'इकडची' ऐकलं की तो 'कुठली?' म्हणून विचार करत बसतो, तोवर पुढची तीन वाक्यं निघून जातात. पुस्तकात मागे जाता येतं, कार्यक्रमात येत नाही. अवघड शब्द बदलले म्हणून आपटे लहान होत नाहीत. विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाचा प्रसंग पोचला पाहिजे, 'स्वारी' नाही पोचली तरी चालेल.

दुसरं, हे पुण्यातल्या ब्राह्मण घरातलं बोलणं. जुन्या कादंबऱ्या म्हटल्या की आपण तेच 'जुनं मराठी' समजतो.

वऱ्हाडी_ठेचा :
नाक्यावरचा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर.

उद्धव शेळक्यांची 'धग' वाचा, १९६०ची. कौतिक नवऱ्याशी जशी बोलते त्यात 'इकडून'बिकडून काही नाही. तिथे पोट भरायची मारामार आहे, आणि बोलणं त्या मारामारीतून आलेलं आहे. आमच्या भागात 'काय करून रायली', 'जाऊन रायलो' असंच बोलतात. ही रूपं मी छापलेल्या पुस्तकात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मोठा आनंद झाला होता. शाळेत हेच बोललो की बाई सुधारायच्या. शेळक्यांनी कौतिकला सुधारलं नाही.

निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत, अशी त्यांची रीत. काहींना ते तुटक वाटतं. मला वाटत नाही. सांगणारा घराबाहेर उभा राहून सांगतो, माणसं घरात बोलतात.

माणदेशी_मेंढका :
'बनगरवाडी'तही तीच रीत आहे. १९५५. मास्तर सांगतो ते साध्या लेखी भाषेत आणि धनगर बोलतात ते माणदेशी. फरक एवढाच की माडगूळकरांची माणसं फार कमी बोलतात. 'मास्तर' अशी हाक मारतात आणि मग बराच वेळ नुसते बसतात. औंध संस्थानातल्या त्या उजाड मुलखात बोलायला लागतं तरी किती! कारभाऱ्याच्या तोंडच्या 'मास्तर'मध्ये एकदा आदर असतो, एकदा धाक, एकदा आर्जव. शब्द तोच.

वाचून दाखवायचं असेल तर तिथे थांबणं जमलं पाहिजे. आमच्या शाळेत एका शिक्षकांनी वाचून दाखवली होती ती घाईघाईत, आणि सगळी धनगरं शहरी झाली.

नवऱ्याबद्दल म्हणाल तर आमच्याकडे 'मालक', 'धनी', 'कारभारी'. पोर झालं की 'पोरांचा बा'. नाव घ्यायचं नाही हा नियम मात्र आमच्याकडेही होताच, सायलीताई. पुण्यातल्या वाड्यातच होता असं नाही.

टिपणवही :
मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढते. यमू लिहिली आहे पुरुषाने. स्वयंपाकघरात बायका एकमेकींशी काय बोलतात ते आपट्यांना कितपत ऐकू येत असेल? पुरुष आला की बायकांचं बोलणं बदलतं, हे आपण आजही पाहतो.

ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ची, म्हणजे यमूच्या आधीची. बुलढाण्यातून आलेली. ती कादंबरी नाही, पण तिचा सूर अंगणात उभं राहून खडसावल्यासारखा आहे. म्हणी, टोमणे, थेट 'तुम्ही'. अशा बोलणाऱ्या बायका त्या काळात होत्याच. कादंबरीत मात्र सोशीक यमू आली आणि तिचाच सूर आपण त्या काळाचा सूर मानून बसलो.

जुनेरं :
टिपणवही, मुद्दा वजनदार आहे. एक भर घालतो. काशीबाई कानिटकर आणि आपटे यांचा स्नेह होता, साहित्यावर पत्रव्यवहारही होता. त्या स्वतः कादंबरी लिहिणाऱ्या. म्हणजे आपट्यांच्या कानावर बाईचं बोलणं बाईकडूनच येण्याची वाट अगदीच बंद नव्हती. शिवाय 'पण लक्षात...'मध्ये नवरा-बायकोच्या बोलण्याइतकंच सासू, जावा, मैत्रिणी यांचं बोलणं आहे, आणि तिथे यमू मुळीच मुकी नाही. दुर्गीशी बोलताना तिचा सूर बघा.

टिपणवही :
दुर्गीचं मान्य. सायली, मग अभिवाचनात दुर्गीचे प्रसंग घ्याच. 'गडे', 'अगंबाई', 'मेलं' हे सगळं तिकडचं. 'इकडून' आणि 'गडे' हे दोन्ही एकाच तोंडातून आलं की मुलींना आपोआप कळेल की माणूस बदलला की यमूची भाषा बदलते.

दोन_कप_चहा :
'मेलं'वरून आठवलं. जुन्या कथांत 'मेलं' हे नपुंसकलिंगी, कुठल्याही गोष्टीला लागतं. मेलं दूध उतू गेलं, मेलं दार लागत नाही. माणसाला 'मेल्या' म्हटलं की बहुधा लाडच असतो. आजी मला 'मेल्या' म्हणाली की खिशात लाडू यायचा.

हर्णैवाला :
लाडाच्या शिव्यांवर आमचा हक्क आहे, तो दुसऱ्या कुणी घेऊ नये. 'शिंच्या' हा शब्द कोकणात किती रंगांनी म्हणता येतो त्यावर वेगळा धागा निघेल.

श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' (१९५२) आमच्या दापोली भागातला. पेंडशांनी बोलणं असं धरलं आहे की वाचताना आवाज ऐकू येतो. बाहेरचे लोक म्हणतात, कोकणी माणूस तिरका बोलतो. माझं मत वेगळं आहे. त्याला सरळ बोलायचं असतं, पण समोरच्याला बरोबरीचं मानून, त्याने अर्धं स्वतःच ओळखावं म्हणून तो अर्धंच बोलतो. पु. लं.च्या अंतू बर्व्याकडेही तेच आहे. वाक्य संपतं आणि मग 'हो' येतो, आणि त्या 'हो'वर सगळं तोललेलं असतं.

बडोदेकरीण :
धाग्यावर सगळे गंभीर झाले आहेत म्हणून चिमणरावांना घेऊन येते. चिं. वि. जोशी आमच्या बडोद्याचे. पाली शिकवायचे, दफ्तरखान्यातही होते. चिमणराव म्हणजे यमूच्या नवऱ्यानंतरच्या पिढीतला पांढरपेशा नवरा. तो बायकोला 'काऊ' म्हणतो! घरात, पाहुण्यांसमोर, सगळीकडे. 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३चं, म्हणजे यमूपासून चाळीसेक वर्षं. तेवढ्यात नवरा-बायकोच्या बोलण्यात थट्टा आली, तक्रार आली, रुसवा आला.

दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते बोलणं आमच्या पिढीच्या कानात कायमचं बसवलं. मला आता पुस्तक वाचतानाही त्यांचेच आवाज ऐकू येतात.

टिपणवही :
१९३३ साल म्हणजे 'कळ्यांचे निःश्वास'चंही. विभावरी शिरूरकर. एकीकडे चिमणरावांची काऊ, दुसरीकडे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली आपसात मोकळेपणाने बोलताहेत, आणि ते इतकं झोंबलं की या विभावरी कोण म्हणून गावभर शोध सुरू झाला. नंतर कळलं, मालतीबाई बेडेकर. बायकांचं आपसातलं बोलणं छापलं की काय होतं त्याचं हे उदाहरण.

सायली_वाचते :
किती सुंदर लिहिताय सगळे. टिपणवही, दुर्गीचं लगेच टिपून ठेवलं.

एक वेगळंच विचारते. 'श्यामची आई'त श्याम वडिलांना 'भाऊ' म्हणतो. आमच्यातल्या एका मुलीने विचारलं की वडिलांना भाऊ का? मी एकत्र कुटुंब म्हणून सोडून दिलं. नीट कुणी सांगेल का?

हर्णैवाला :
एकत्र कुटुंबच. धाकटे काका, आत्या ज्या नावाने हाक मारतात तेच मुलांच्या कानावर पडतं, मुलंही तीच हाक उचलतात. म्हणून घरोघरी वडील 'भाऊ', 'दादा', 'अण्णा', 'नाना', 'आप्पा'. मोठ्यांच्या देखत आपल्या मुलाला जवळ घेणंसुद्धा बापाला अवघड वाटायचं, तिथे 'बाबा' म्हणवून घेणं दूरच. आमच्या घरात वडिलांची पिढी आजोबांना 'तात्या' म्हणायची.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३मध्ये लिहिली, १९३५ला ती आली. बेचाळीस रात्रींची ती गोष्ट मुळात सांगितलेली आहे, लिहिलेली नाही, असं मला नेहमी वाटतं. आई बोलते ती छोट्या वाक्यांत. उपदेश असतो, पण हातातलं काम चालू ठेवून केलेला.

कोरा_कागद :
वाचतोय सगळं. एक गोष्ट मनात सलते ती लिहितो.

जुन्या मध्यमवर्गीय कादंबरीत गडी, मोलकरीण, शेतावरचा माणूस यांना 'अरे', 'अगं', 'ए रामा'. त्यांचं उत्तर 'जी' आणि 'व्हय' यांपुढे जात नाही. म्हणजे तो संवाद अर्धाच आहे. उरलेला अर्धा मराठी वाचकाला बऱ्याच उशिरा ऐकू आला. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त (१९५९) माणसं आवाज चढवून बोलतात. ते पुस्तक त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलं. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ला आला. त्यातलं बोलणं वाचताना अजूनही घसा कोरडा पडतो.

आणि 'रोजचं बोलणं' म्हणाल तर सर्वांत आधी नमस्कार बघा. कुणी 'नमस्कार', कुणी 'रामराम', कुणी 'दंडवत', आणि महाराने 'जोहार'. कोण आहेस ते तोंड उघडल्याबरोबर सांगायला लागायचं. आमच्या आजोबांच्या पिढीने 'जोहार' टाकला आणि 'जयभीम' घेतला. जुन्या पुस्तकात 'जोहार' येतो तिथे तो बदलून 'नमस्कार' करा असं मी कधीच म्हणणार नाही. राहू दे तो. लोकांना विचारू दे, हा असं का म्हणतो म्हणून. सायलीताईंच्या 'इकडून'ला माझं मत त्याच कारणासाठी.

सायली_वाचते :
कोरा_कागद, मनापासून आभार. हे मी कट्ट्यावर वाचून दाखवलं तर चालेल का?

कोरा_कागद :
जरूर.

नाक्यावरचा :
कोरा_कागद यांचं पटलं, पण त्यावर विचार करून पुन्हा लिहितो. 'जोहार' ठेवला की माणूस दचकतो. 'इकडून' ऐकून माणूस दचकत नाही, त्याला गंमत वाटते. सायलींच्याच मुली हसताहेत. जुन्या अन्यायाची गंमत होत असेल तर तो शब्द ठेवून काय साधलं?

माणदेशी_मेंढका :
हसू दे की पहिल्यांदा. केशवपनापर्यंत कोण हसतंय ते बघू.

फोंडेकर :
गोव्यातून लिहितोय. आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि कपाटात पुस्तकं मराठी, अशी घरं इथे पुष्कळ. त्यामुळे आम्हाला मराठी कादंबरीतलं बोलणं म्हणजे पाहुण्यांचं बोलणं. माझी आई आपटे, फडके, खांडेकर वाचायची आणि जेवायला वाढताना कधीकधी गमतीने त्यातली वाक्यं आम्हाला ऐकवायची. 'इश्श' हा शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडून सहज आला नाही. तो पुस्तकातून आला आणि थट्टेसाठी राहिला.

अवांतर : फडक्यांच्या नायिका खरंच तसं बोलत असतील का, हा आईचा कायमचा प्रश्न होता.

बडोदेकरीण :
तुमच्या आईंना माझा नमस्कार. फडक्यांच्या नायिकांसारखं कुणी बोलत नव्हतं, पण वाचून वाचून पुष्कळजणी बोलायला लागल्या असणार.

नाक्यावरचा :
हे मात्र महत्त्वाचं आहे. पुस्तकातून बोलण्यात येणं. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं तेच झालं. 'स्वामी' १९६२ला आली आणि तेव्हापासून पेशवे म्हटलं की विशिष्ट तालातलं, तोलून मापून केलेलं बोलणं डोक्यात येतं. मालिकांनी ते आणखी घट्ट केलं. शनिवारवाड्यात कुणी पाणी मागतानाही असंच बोलत असेल का?

जुनेरं :
त्या काळची पत्रं भरपूर आहेत. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा'. पण ती पत्रातली रीत झाली. माजघरातलं बोलणं कुणी टिपून ठेवत नव्हतं. त्यामुळे ते कादंबरीकाराने घडवायलाच हवं होतं, आणि रणजित देसाईंनी ते देखणं घडवलं. माझा आक्षेप कादंबरीला नाही. तेच खरं मानून इतिहास बोलणाऱ्यांना आहे. 'इकडून'चं तसं नाही. आपटे स्वतःच्या काळाचं, स्वतःच्या कानावर पडलेलं लिहीत होते. हा फरक सायलीताईंनी मुलींना जरूर सांगावा.

पाटीपुस्तक :
उशिरा आले धाग्यावर. 'कोसला' राहिली की! १९६३. पांडुरंग सांगवीकरचं 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. इथे बोलणं अवतरणचिन्हांत कोंडलेलं नाही, निवेदनच बोलण्यासारखं. आमच्या होस्टेलवर एक काळ असा होता की दर वाक्याला 'वगैरे' लावल्याशिवाय कुणी बोलत नसे. खरं तर त्या 'वगैरे'मागे न बोलता सोडलेलं बरंच दुःख आहे. धाकटी बहीण मनी गेल्यानंतरचा भाग वाचला की तेच शब्द किती जड होतात!

आणि 'वासूनाका', १९६५. भाऊ पाध्यांची नाक्यावरची पोरं. आचार्य अत्रे केवढे संतापले होते त्या पुस्तकावर. पण मुंबईची पोरं तशीच बोलत होती.

नाक्यावरचा :
नाव काढलंत, आभारी आहे. माझं सदस्यनाव तिथूनच आलं. पोक्या जे बोलतो ते ऐकत मी मोठा झालो, आणि पुस्तकात वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपली गल्लीही पुस्तकात येऊ शकते.

वऱ्हाडी_ठेचा :
मग आता सांगा नाक्यावरचे दादा, 'वासूनाका'चं अभिवाचन करताना पोक्याची भाषा सर्वांना कळेल अशी सोपी करायची का?

नाक्यावरचा :
नाही करायची. पकडलंत. पण पोक्याची भाषा पुण्यातल्या माणसालाही कळते, अर्धी कळली नाही तरी सूर कळतो. 'इकडून'चा सूर आज कुणाच्या कानात नाही. माझा आग्रह एवढाच की ऐकणाऱ्याला आधी सूर द्या. मग शब्द ठेवा, माझी हरकत नाही.

टिपणवही :
सूर देण्यासाठी दिवाकरांच्या नाट्यछटा वापरा ना तालमीत! एकच माणूस बोलतो, समोरच्याचं बोलणं आपण ओळखायचं. 'पंत मेले, राव चढले', 'चिंगी महिन्याची झाली नाही तोच' अशा कितीतरी. १९११पासून लिहिल्या त्यांनी. तुटकी वाक्यं, मध्येच 'हं', मध्येच 'छे', मध्येच आवाज खाली आणून केलेली कुजबुज. ज्या मुलीला नाट्यछटा नीट म्हणता आली तिला यमूचं 'इकडून' जड जाणार नाही. कारण दोन्हीकडे समोरचा माणूस आवाजातून उभा करायचा असतो.

दोन_कप_चहा :
मला जुन्या पुस्तकांतलं सर्वांत आवडतं ते निरोपाचं. कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते हं' म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बाई 'लांब बसते', 'कावळा शिवतो'. लहानपणी मी खरंच कावळा शोधला होता अंगणात.

पाटीपुस्तक :
'येते' अजून जिवंत आहे. आमच्या सोसायटीतली इंग्रजी शाळेतली पोरंसुद्धा दारातून 'येतो काकू' म्हणतात. 'कावळा' गेला ते बरं झालं.

सायली_वाचते :
काल तालीम झाली. ठरलं ते सांगते. शब्द एकही बदलणार नाही. नाक्यावरचा यांचं मानून सुरुवातीला सूत्रधार दोन मिनिटं बोलेल : यमू नवऱ्याचं नाव घेत नाही, 'तुम्ही' म्हणत नाही, 'इकडे' म्हणजे समोर बसलेला नवरा, 'स्वारी' म्हणजेही तोच. आणि नंतर पहिला प्रसंग दुर्गीबरोबरचा. तिथे यमू भराभर बोलते. लगेच पुढचा प्रसंग नवऱ्यासमोरचा, तिथे तीच मुलगी कर्ता गाळून बोलते. काल असं वाचून बघितलं आणि कुणी हसलं नाही. मुंबईच्या बिऱ्हाडात त्यांचं बोलणं जरा सैल होतं, मोकळं होतं, तेही असं शेजारी ठेवल्यावर आम्हाला पहिल्यांदाच ऐकू आलं. यमूचा नवरा रघुनाथराव गेल्यावर 'इकडून' हा शब्द म्हणायलाच कुणी उरत नाही, हे वाचणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं आणि ती मध्येच थांबली.

नाट्यछटा पुढच्या तालमीला घेतो आहोत.

आता एक व्यवहारातला प्रश्न. 'वन्सं' आणि 'मामंजी' हे शब्द आमच्यात कुणीच बोललेलं ऐकलेलं नाही. उच्चार काय करायचा?

जुनेरं :
'वन्सं' म्हणजे नवऱ्याची बहीण. शेवटचा अनुस्वार नाकात म्हणायचा नाही. 'असं', 'तसं' बोलताना शेवट जसा लांबवतो तसाच. 'न'वर किंचित थांबा, मग 'सं'. हाक असेल तर शेवट आणखी ताणतात.

'मामंजी' म्हणजे सासरे. 'ज' हा 'जीवन'मधला, 'जग'मधला नव्हे. 'मं'वर जोर नको, चारचौघांत सासऱ्यांना मोठ्याने हाक कुणी मारत नसे. पदर सावरत, जमिनीकडे बघत म्हटलेला शब्द आहे तो. मुलींना बसून म्हणू देऊ नका, उभं राहून म्हणायला लावा.

हर्णैवाला :
आणि दिराला 'भावोजी'. त्यातला 'वो' जवळजवळ 'ओ'च, 'भाओजी'. आमच्याकडे अजून चालू आहे, हवं असेल तर आमच्या काकूचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. तिला विचारून.

सायली_वाचते :
नक्की पाठवा. 'वन्सं' पण घ्या त्यांच्याकडून.